न प्यायलेल्या दारूचा केस पेपर

लिओनार्ड आयुष्यात एकदाही दारू प्यायला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जी माणसं येणार आहेत ती सगळी याच्या उलट धरून चालली होती, आणि त्यांच्यात पहिला मी.

१९८७ साली मी गिरगाव सोडून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो आणि स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो. दवाखान्यात गर्दी असायची. डॉक्टर हुशार होते. हुशार म्हणजे, पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईतो त्यांचं निदान झालेलं असायचं. त्यानंतर पेशंटने तोंड उघडलं की ते वैतागायचे.

८९च्या दिवाळीच्या आसपास लिओनार्ड आला तो घोटा मुरगळून. तिशीचा उंच माणूस, चौक या किनाऱ्यावरच्या कोळी गावचा. त्याचं चालणं बघून रांगेतली पोरं हसली. तो गुडघे नको तितके वर उचलायचा, पाऊल आधी बोटांवर पडायचं, मग टाच फाटकन आपटायची, आणि घोटे बाहेरच्या बाजूला कलायचे. बरोबर त्याची मोठी बहीण कॉनी होती. मासळीची टोपली बाहेर पायरीवर ठेवून ती आत आली होती.

"किती पितोस?" डॉक्टरांनी विचारलं.

"पीत न्हाय."

"सगळे हेच सांगतात."

"ओ डॉक्टर," कॉनी म्हणाली, "ह्याला नुसता वास आला तरी मळमळतं."

"मावशी, बाहेर तुमच्या टोपलीत मांजर तोंड घालेल. जा, बघा." मग माझ्याकडे न बघताच डॉक्टर म्हणाले, "लिही. दारू, बऱ्याच वर्षांची. नसा गेल्यात. बी-कॉम्प्लेक्सची दहा इंजेक्शनं."

मी केस पेपरवर लिहिलं. 'दारू' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. त्या मारायला मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं डोकं वापरण्याचा प्रसंग त्या दवाखान्यात क्वचित यायचा, तेव्हा तो मी असा वापरला.

लिओनार्डची हकिगत मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत तो इतर पोरांसारखाच धावायचा. मग पायांची बोटं आकडीसारखी वळायला लागली, पोटऱ्या सुकत गेल्या, सपाट जमिनीवरसुद्धा अंगठा अडकायला लागला. मेहुण्याच्या होडीवर तो जायचा. ओल्या फळीवर दोनदा घसरला, तिसऱ्यांदा होडीतून उतरताना चिखलात तोंडावर पडला. होडीवरच्या लोकांनी त्याचं नाव 'डुलक्या' ठेवलं आणि एक दिवस सांगितलं, पिऊन दर्यावर येऊ नकोस. बाजूची होडी रोज सकाळी निम्म्या नशेत निघायची, पण त्यातली माणसं सरळ चालायची. सरळ चालणाऱ्याचं तोंड कोण हुंगतो?

त्याचा मामाही असाच चालायचा. मामा मात्र खरंच प्यायचा. वीस वर्षं लोकांनी दारुड्या म्हटल्यावर त्याने ते खरं करून दाखवलं. दहा वर्षांचा लिओनार्ड त्याला हाताला धरून घरी आणायचा, त्याची उलटी धुवायचा. त्यातून त्याला दारूची जी किळस बसली, ती कायमची. गावाने यातून काय काढलं, तर "मामावर गेलाय." ते बरोबर निघालं. फक्त ज्या अर्थाने ते म्हणत होते, त्या अर्थाने नव्हे.

१९९१ साली त्यांच्या आळीत दारूबंदी समिती निघाली. प्रमुख इव्हान. इव्हानचं सोडा-बर्फाचं दुकान होतं, आणि पिणाऱ्यांना सोडा, बर्फ नि चणे तिथूनच जायचे. पण इव्हानला भाषण करता यायचं, आणि आपल्याकडे तेवढं पुरतं. समितीने पिणाऱ्यांची यादी केली. पंधरा नावं. आळीत खरे पिणारे साठ तरी असतील. पण त्यातले काही समितीत होते, काही समितीतल्यांचे व्याही होते. यादीत लिओनार्डचं नाव दुसरं होतं.

रविवारी सकाळी सगळ्यांसमोर त्याला बोलावून इव्हानने कागद पुढे केला. 'मी आजपासून दारू सोडत आहे.' खाली सही.

"जे मी कधी केलं न्हाय, ते सोडतो म्हणून लिवून देऊ?" लिओनार्ड म्हणाला. "मंग उद्या लिवून घ्याल, मी चोरी सोडली. परवा लिवून घ्याल, मी खून करायचा बंद केला."

लोक हसले. इव्हान हसला नाही. "सही कर. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

सहीसाठी नाही, तर कागदावर 'खोटं' असं लिहून परत द्यावं म्हणून लिओनार्डने पेन उचललं. त्याच्या हातांतलंही बळ एव्हाना कमी व्हायला लागलं होतं; अंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा बसून गेला होता. पेन बोटांतून सटकलं. परत धरलं, परत सटकलं.

"बघा," इव्हान लोकांकडे वळून म्हणाला, "सकाळी नऊ वाजता हात थरथरतायत."

झालं. पुरावा मिळाला. गोराईच्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं, तेही त्या आठवड्यात मोडलं. लिओनार्डने जाळ्याचा दोरा, जाळं तरंगत ठेवणारे बोये आणि शिशाच्या गोळ्या विकायचं छोटं दुकान टाकलं. तिथे बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला असं काही बोलायचा, की माणूस दोरा घेऊन मुकाट निघून जायचा. लोक म्हणायचे, दारूने जीभ सैल झालीय.

१९९६ साली तो घराच्या पायरीवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. कॉनी त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथे आमचा जुना कागद दाखवला, आणि तिथल्या पहिल्या डॉक्टरने त्यावरूनच उतरवून काढलं: दारू, बऱ्याच वर्षांची. दुसऱ्या दिवशी कॉनी आमच्या दवाखान्यात उभी. डॉक्टर आत होते; ती माझ्यापाशी आली आणि कागद काउंटरवर आपटला.

"हे अक्षर कोनाचं?"

"माझं."

"ह्या दोन रेघा?"

मी कागदाकडे हात नेला, तिने तो तळव्याखाली दाबून धरला.

"तुझ्या एका कागदावरनं तिथं पन तेच लिवलं. आता तूच चल. तिथं उभा राहून सांग, की तू काय बघून लिवलंस."

भर दवाखान्यात मला कोणी असं बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गेलो. धैर्य वगैरे काही नव्हतं. ती परत येऊन ओरडली असती, त्याची भीती होती.

हाडांच्या डॉक्टरांनी मनगट बांधून त्याला नसांच्या विभागात पाठवलं होतं. तिथे क्षितिजा नावाची तरुण डॉक्टर होती. तिने कागद बाजूला सारला आणि लिओनार्डला विचारलं, "तुम्ही पिता?"

"लिवा, पितो. सगळे तेच लिवतात. तुमची शाई वाचेल."

"मी लिहीत नाहीये. विचारतेय."

तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "कवाच न्हाय." तिने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या माणसाच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं. त्याला ते पटकन कळलंसुद्धा नाही. तो पुढच्या भांडणाच्या तयारीत बसला होता.

तिने गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, पाय उडला नाही. पावलाची उंच कमान हाताने चाचपली. घरात आणखी असं कोण चालतं ते विचारलं. लिओनार्डने मामाचं सांगितलं. मग तिची नजर कॉनीकडे गेली.

"ताई, चप्पल काढता का?"

"मना काय धाड भरलीय?" कॉनी म्हणाली, पण चप्पल काढली. तिच्या पावलांची कमानही तशीच उंच होती, बोटं थोडी वळलेली होती. दिवसभर उभं राहून घोटे दुखतात, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. आमच्या डॉक्टरांच्या समोर ती कितीदा बसली असेल! पण मांजर हाकलण्यापलीकडे तिथे तिचा उपयोग नव्हता.

मी मध्येच म्हणालो, "मॅडम, तो कागद मी लिहिलेला."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"कंपाउंडर."

"मग तुम्ही लिहिलंत ते ठीक आहे. ज्याने सांगितलं त्याने हातोडी तरी मारायची." एवढं बोलून तिने मला सोडून दिलं. अपमान केला असता तर बरं वाटलं असतं.

नसांना विजेचे झटके देऊन तपासणी झाली. भावंडांचं रक्त परदेशातल्या एका प्रयोगशाळेत गेलं. उत्तर यायला दीड वर्ष लागलं. ९८ साली आम्ही तिघं परत तिच्यासमोर बसलो. इंग्रजी वाचायला म्हणून आता लिओनार्डच मला न्यायचा.

क्षितिजाने सांगितलं ते असं. नस म्हणजे आत तार आणि तिच्याभोवती गुंडाळलेलं वेष्टन. हे वेष्टन जिवंत असतं, एका पेशीचे अनेक पदर एकावर एक. बाहेरच्या पदरातून आतल्या पदरापर्यंत मीठ, साखर, निरोप पोचवायला गोल गोल फिरत जावं लागू नये, म्हणून पदरांना आरपार बारीक दारं असतात. ती कनेक्सिन नावाच्या प्रथिनाची बनतात. लिओनार्डच्या शरीरात त्यातलं बत्तीस नंबरचं कनेक्सिन चुकीचं बनतं. दारं उघडत नाहीत. वेष्टन उपाशी राहतं आणि हळूहळू तारही सुकते. सगळ्यात लांबच्या तारा आधी, म्हणजे पाय, मग हात.

"अशी दारं शरीरात सगळीकडे आहेत," ती म्हणाली. "हृदयाचे ठोके एकजुटीने पडतात ते अशाच दारांमुळे. याच घराण्यातलं दुसरं एक प्रथिन बिघडलं की मूल बहिरं जन्मू शकतं, असं गेल्याच वर्षी निघालंय. तुमच्याकडे हे आईकडून आलं. बाईकडे या प्रथिनाच्या सूचनेच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी चांगली असते, म्हणून बायकांना त्रास कमी. पुरुषाकडे प्रत एकच असते."

"म्हंजे बापाचा काय दोष न्हाय?" कॉनीने विचारलं.

"कोणाचाच नाही. आणि औषधही नाही. पण पायाला आधार देता येईल."

लिओनार्ड बाहेर येऊन बाकावर बसला. मला वाटलं रडेल. तो म्हणाला, "मामाला सांगायला पायजे होतं." मामा जाऊन बारा वर्षं झाली होती.

क्षितिजाने निदान लिहून दिलेलं पत्र मी आमच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन ओळी वाचल्या, पत्र परत दिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण थोडी पीत असेलच." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

लिओनार्डने पत्र समितीपुढेही नेलं. इव्हानने ते चारचौघांत वाचलं, म्हणजे वाचल्यासारखं केलं. एकाने अर्थ विचारला. लिओनार्ड म्हणाला, दोष आईकडून आलाय.

"म्हणजे आई पण प्यायची?" इव्हान म्हणाला.

तो हे चेष्टेने म्हणाला असता, तर मी त्याला माफ केलं असतं. तो गंभीरपणे विचारत होता.

९९ साली इस्पितळातून लिओनार्डच्या पायांसाठी प्लास्टिकचे हलके आधार बनवून मिळाले. पोटरीपासून तळव्यापर्यंत येणारे, पँटीखाली न दिसणारे. पाऊल लोंबायचं थांबलं, घोटे कलायचे थांबले. महिन्याभराच्या सरावानंतर तो दुकानापर्यंत जवळजवळ सरळ चालत गेला. आळीने हे बघितलं आणि तिला जे कळायचं ते कळलं. समितीच्या वार्षिक सभेत जाहीर झालं: आमच्या प्रयत्नांमुळे लिओनार्डने दारू सोडली. शाल आणली. त्याला स्टेजवर बोलावलं.

तो गेला. मी मागच्या खुर्चीवर होतो. त्याने शाल हातात घेतली, घडी मोडू दिली नाही, आणि माईकवर म्हणाला, "सोडायला आधी धरायला लागते. मी धरलीच न्हाय. ह्या शालीचा खरा मानकरी बर्फ विकून समिती चालवतोय, त्याला द्या." शाल त्याने इव्हानच्या मांडीवर ठेवली आणि एकेक पायरी जपून उतरला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. निम्म्या लोकांना वाटलं, आज परत प्यायलाय.

त्या सभेनंतर दोन महिन्यांनी कॉनीच्या मुलीला, ॲलिशाला, वसईकडून मागणी आली. ॲलिशाचे पाय ठीक होते. पण दोष तिच्यातही असेल, याची शक्यता निम्मी, असं क्षितिजाने सांगितलं होतं. कॉनीचं म्हणणं, गप्प बसू. लिओनार्डचं म्हणणं, सांगायचं.

"पोरीचं लगीन मोडेल," कॉनी म्हणाली.

"मोडू दे. माझं खोट्यानं मोडलं. हिचं मोडलं तर खऱ्यानं मोडेल."

"तुला काय, तू एकटा!"

शेवटी ॲलिशानेच पाहुण्यांना चहा देता देता सांगून टाकलं. तिने ते नीट सांगितलं. दारांचं, पदरांचं, आपल्या लिओनार्डमामाच्या पायांचं. मुलाच्या आईने बिस्किट परत बशीत ठेवलं. "कळवतो," म्हणून मंडळी उठली. मुलगा मात्र दारात थांबला. त्याने लिओनार्डला विचारलं, "अंकल, ते पायाचे आधार दाखवता?" लिओनार्डने पँट वर केली. मुलाने खाली बसून पट्टा कसा बांधतात ते बघितलं, एकदा स्वतः सोडून परत बांधला, आणि आईच्या हाकेसरशी निघून गेला.

पुढच्या रविवारी तो एकटाच आला.