पाठीच्या मापाची सॅक

चाळिशी उलटली त्या वर्षी मला घरात बसवेनासं झालं. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून आम्ही नेरुळच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. मुलगी इंजिनियरिंगसाठी हॉस्टेलवर गेली होती, वाशीतल्या बँकेतली माझी नोकरी चालू होती. तक्रार करावी असं काही नव्हतं. तरी कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत मी दहादा गॅलरीत जाऊन यायची. टीव्हीवरची मालिका उभ्यानं बघायची. डॉक्टरांनी थायरॉइड तपासून घेतला, तोही नॉर्मल निघाला.

बँकेतल्या एका मैत्रिणीनं मला तिच्या ट्रेकिंगच्या ग्रुपबरोबर एका रविवारी कर्जतकडच्या किल्ल्यावर नेलं. चढताना दम लागला, उतरताना पाय लटपटले, पण त्या सबंध दिवसात मला दुसरीकडे कुठे असावंसं एकदाही वाटलं नाही. मग मी जमेल तेव्हा जायला लागले. येत्या मे महिन्यात हिमाचलातली एक खिंड ओलांडायचं ग्रुपनं ठरवलं, तेव्हा घरी विचारायच्या आधीच मी नाव देऊन टाकलं.

माझे यजमान ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. यंत्र बिघडण्याआधी बिघाड ओळखायचा, हीच त्यांची नोकरी. ह्यांनी जाऊ नको म्हटलं नाही. सामानाचं माझ्यावर सोड, एवढंच म्हणाले आणि धाकट्या दिरांची कॉलेजातली सॅक घेऊन आले. जाड कॅनव्हासची, मागे अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, सगळीकडून खिसे. दीर सहा फुटांचे, मी पाच फुटांनाही कमी. ती भरून सरावाला बेलापूरच्या मागचा पारसिकचा डोंगर चढले, तर फ्रेमची खालची दांडी पावलागणिक माकडहाडावर आपटत होती. घरी येऊन आरशात बघितलं तर कमरेखाली काळंनिळं झालेलं.

वाशीतली दुकानं फिरले. शाळेची दप्तरं होती, विमानप्रवासाच्या बॅगा होत्या. ट्रेकिंगची म्हटलं की दुकानदार विचारायचा, मुलाची उंची किती. माझ्यासाठी हवी आहे म्हटल्यावर तो एकदा मला बघायचा, मग वरच्या फळीवरची एकच सॅक काढून द्यायचा. ती गुडघ्याच्या मागे लागायची. लंच टाइममध्ये दुकानात शिरायचं, सॅक पाठीला लावायची, आरशात वळून बघायचं आणि काढून ठेवायची, असं कितीतरी दिवस चाललं. काउंटरवर बसून नोटा मोजतानाही खांदे आपोआप वरखाली व्हायचे.

शेवटी मैत्रिणीनं ऐरोलीचा एक पत्ता दिला. तिथे एक बाई घरीच सॅक शिवायची. स्वतः गिर्यारोहक, पण गुडघा दुखावल्यापासून मोठ्या चढाया बंद झालेल्या. तिच्या हॉलमध्ये शिलाई मशीन आणि नायलॉनच्या कापडाचे तागे, सोफ्यावर बसायला जागा नाही. तिनं मला पाठमोरं उभं केलं, मानेखालचं वर आलेलं हाड बोटानं चाचपलं आणि तिथून कमरेच्या हाडापर्यंत टेप लावली. माझ्या उंचीशी तिला कर्तव्य नव्हतं, पाठ किती लांब तेवढंच बघायचं होतं. मग तिनं दोन सॅक पुढे ठेवल्या. एक भक्कम, कमरेला गादीचा पट्टा असलेली. दुसरी राखाडी, पातळ नायलॉनची. तिला फ्रेमच नव्हती. झोपायची मॅट घडी करून आत पाठीकडे ठेवायची, तोच कणा. हातात घेतली तर काही घेतलंय असं वाटेना.

मी विचारलं, ह्यात सामान मावेल का?

"ताई, मोठी सॅक घेतली की माणूस ती भरतोच," ती म्हणाली. "रिकामी जागा कुणाला बघवत नाही."

मी राखाडी घेतली. ह्यांनी घरी ती उलटीपालटी केली, शिवण ओढून बघितली आणि बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवसापासून कंपनीतून येताना ते काही ना काही आणायला लागले. टॉर्चचे जादा सेल, नायलॉनची दोरी, छोटा स्टोव्ह, औषधांचा डबा, एक जादा स्वेटर. सगळं दिरांच्या सॅकमध्ये जात होतं. मी काढून ठेवायची, ते परत भरायचे. एका संध्याकाळी माझा पारा चढला. एवढं ओझं घेऊन मी खिंडीपर्यंत पोचणारच नाही, असं मी म्हणाले.

"तिथे तुला काही झालं तर?" ह्यांनी विचारलं.

"झालं तर ह्या डब्यानं ते थांबणार आहे का?"

ते दोरीची गुंडाळी हातात घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "मला तेवढंच करता येतं गं."

तरी मला त्यांचं ऐकायचं नव्हतं. त्यांनीच तोड काढली. येत्या रविवारी ते स्वतः ती सॅक घेऊन डोंगर चढणार, मी माझी घ्यायची, मग बघू.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही बेलापूरला पोचलो. एप्रिलचं वाळलेलं गवत, पायाखाली सुटी खडी, पलीकडून खाणीतल्या डंपरची घरघर. हे आयुष्यात कधी डोंगर चढले नव्हते. वाटेत चारपाच ठिकाणी थांबले, पण सॅक उतरवली नाही. मी पुढे जायची, परत खाली यायची, मला एका जागी थांबवत नव्हतं. वर पोचलो तेव्हा त्यांच्या शर्टाला दोन्ही खांद्यांवर घामाचे पट्टे उमटले होते. खाली खाडी दिसत होती, बिल्डिंगांच्या गच्च्या दिसत होत्या. त्यांनी तिकडे बघितलंच नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "उतरताना तुझी दे बघू."

आम्ही सॅक बदलल्या. राखाडी सॅक पाठीवर घेऊन ते निघाले आणि पहिल्याच वळणाला दिसेनासे झाले. मी ती दांडी सांभाळत, बसत, घसरत उतरत होते. हाक मारली, उत्तर नाही. दुसरी मारली, फक्त डंपरचा आवाज. पन्नाशीला आलेला माणूस, पायात साधे बूट. कुठे पडले असतील, पाय मुरगळला असेल, माझ्या डोक्यात काय काय येत होतं. आता औषधांचा डबा माझ्याच पाठीवर होता आणि तो घेऊन मला धावताही येत नव्हतं.

ते खाली रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. चेहरा लाल, श्वास फुललेला आणि गालातल्या गालात हसणं चाललेलं.

"ही पाठीला असली की थांबावंसंच वाटत नाही," ते म्हणाले.

निदान हाकेला ओ तरी द्यायची, असं मी चिडून म्हणाले. त्यांनी उठून माझ्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली. माझा राग बस नेरुळला पोचेपर्यंत उतरला नाही.

घरी आल्यावर ह्यांनी स्वतःच स्टोव्ह, दोरी, जादा सेल कपाटात ठेवून दिले. जादा स्वेटर तेवढा राहू दे म्हणाले. तो मी काढला.

हिमाचलात खिंड ओलांडायच्या आदल्या दिवशी गारांचा पाऊस झाला. सॅक आतपर्यंत भिजली, अंगातला स्वेटरही. एका सोबतिणीनं तिचा दिला, तो ढगळ स्वेटर घालून मी खिंड ओलांडली. पाठीला ओरखडाही नव्हता. वर सगळे फोटोंसाठी बसले तेव्हा मी मात्र कडेकडेनं फिरत होते, पलीकडच्या बाजूला वाट कुठे उतरते ते बघत.

पायथ्याच्या गावातल्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. स्वेटरचं खरं खरं सांगितलं. ते बरं म्हणाले, ऐकून घेतलं, परतीच्या गाडीची वेळ विचारली.

"मग आता पुढे कुठे?" त्यांनी विचारलं.

अजून बूटही वाळले नव्हते माझे. तरी उत्तर तयार होतं, आणि ते मी लगेच सांगितलंसुद्धा.