खिडकीचं तेल

ऐंशीच्या दशकातल्या एका ऑक्टोबरात माझं शेवटचं पोस्टिंग निघालं: वेस्ट विंडसर, न्यू जर्सी. मुलाचं घर. हुद्दा, रिटायर्ड हवालदार आणि आजोबा. पहिल्याच आठवड्यात सुहास कॅल्क्युलेटर घेऊन बसला. हिवाळ्यात घर तापवणाऱ्या फर्नेसला ऑइल किती लागेल, आणि त्यापेक्षा नुकताच आणलेला केरोसिन हीटर किती स्वस्त पडेल.

"बाबा, निम्म्यात भागतंय! हीटर नेहाच्या खोलीत ठेवू. खिडकी प्लॅस्टिकनं सील केली की हीट लीक होणार नाही."

नेहा माझी नात. तीन वर्षांची.

"खिडकीचं तेल धरलंस?" मी विचारलं.

"म्हणजे?"

सुहासला सांगितलं तेच तुम्हीही ऐका. लडाखच्या आमच्या पोस्टवर थंडी अशी, की रमची बाटलीसुद्धा ब्लँकेट मागायची. थुंकलं तर जमिनीवर टणकन वाजायचं. एकदा माझी सावली बर्फाला चिकटली, ती मार्चमध्ये उकरून आणली.

हिवाळ्याआधी रॉकेलचा अंदाज बांधणं माझ्याकडे. बंकरमध्ये बुखारी, म्हणजे तेलाची शेगडी, पेटली की झरोका बोटभर उघडा ठेवायचा. नाहीतर न दिसणारा वायू साठतो आणि बसलेला माणूस उठत नाही. झरोक्यातून ऊब बाहेर जाते, म्हणून जादा जेरीकॅन मागवायचे. तेच खिडकीचं तेल.

एका साली नव्या साहेबांनी ते कापलं.

"बाहेरची हवा गरम करायला सरकार तेल देत नाही, हवालदार."

"सर."

डिसेंबरात रस्ता बंद झाला. वरच्या पोस्टवर नायक बाबू खरात होता. साताऱ्याकडचा, माझा दोस्त. गस्तीवर गेलेल्या पोरांचे मोजे बुखारीपाशी वाळवून ठेवायचा. रेडिओवर त्याचा आवाज आला.

"तेल कमी. ओव्हर."

साहेबांनी माइक घेतला. "काटकसर करा. आउट."

खरातनं काटकसर केली. झरोक्यात घोंगडी कोंबली.

दुपारी गस्त परतली. बुखारी अजून कोमट होती. मोजे वाळले होते.

रिपोर्टात हार्ट फेल लिहिलं गेलं. साहेबांना तेलबचतीची शाबासकी मिळाली.

सुहास हसला. "काय बाबा, ही पण त्या सावलीसारखी थापच ना?"

जन्मभर थापा मारल्या की असं होतं. खरं बोलायला साक्षीदार लागतो, आणि माझा साक्षीदार वर बर्फात गेला. पण थाप मारली की तिच्यावर आधी मीच हसतो, हे सुहासला लहानपणापासून ठाऊक. मी हसलो नाही. मग त्यानं कॅल्क्युलेटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी हीटर दुकानात परत गेला. नेहाच्या खोलीची खिडकी मी बोटभर उघडली.

"बाबा, फर्नेसला चिमणी आहे. याची गरज नाही."

"उघडी राहील."

राहिली. त्या हिवाळ्यात न्यू जर्सीची बाहेरची हवा आम्ही आमच्या खर्चानं गरम केली. नायक बाबू खरातच्या नावानं.