वन्संची चौथी ओळ

वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्याकडेच राहतात आणि चष्म्याच्या कारखान्यात काचा घासतात. काचेवर केसाएवढा ओरखडा राहू देत नाहीत. शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये चौघांच्या बँडमध्ये गिटार वाजवतात. शेवटच्या गाण्यात चार ओळींचा तुकडा त्यांचा एकटीचा. अकरा वर्षं झाली.

त्या सोमवारी चपला न काढताच म्हणाल्या, "आमचा बँडमास्तर म्हणतो, तुमचं कुणाला ऐकूच येत नाही. या शनिवारी नाही आलं, तर तो तुकडा कीबोर्डवर मी घेणार."

"मग आवाज वाढवा की."

"वाढवला की गाणारी बोंबलते. मला चार ओळींपुरताच हवाय गं."

मंगळवारी त्यांनी पायाने दाबली की आवाज वाढवणारी एक डबी आणली, बूस्ट पेडल. गिटारची वायर पेडलमध्ये, पेडलची ॲम्प्लिफायरमध्ये. दाबलं. आवाज जाड झाला, खरखरला, मोठा मात्र होईना.

"ताई, मिक्सर लावलायस का?" आतून ह्यांनी विचारलं.

"तू गप रे!"

बुधवारी दुरुस्तीवाल्याने ॲम्प्लिफायर पाठमोरा केला. मागे दोन भोकं होती. "बाई, ह्याच्यात आवाज आधी खरखरीत होतो, मग मोठा होतो. पेडल पुढे लावलंत की नुसती खरखर वाढते. ह्या भोकातून आवाज बाहेर काढा, पेडलमधून न्या, त्या भोकातून परत आत सोडा. मधे बसलं पाहिजे ते."

गुरुवारी घरी दाबून पाहिलं. आवाज तोच, पण एकदम अंगावर आला. मी टाळ्या वाजवल्या. वन्सं मात्र उठल्या, खिडकी लावली, परत उघडली, पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"आता काय झालं?"

"चौथ्या ओळीत एक उडी आहे. खालच्या सुरावरून थेट वर. मला ती कधी जमलीच नाही. ड्रमवाला थाळ्या बडवत असतो, त्यात मी बोट घसरवून नेते."

"अकरा वर्षं?"

"ऐकू कुणाला येत होतं?" त्या पुन्हा उठल्या. "पेडल नाही दाबलं तर तुकडा जातो. दाबलं तर अब्रू."

शनिवारी त्यांनी मागची वायर तीनदा चाचपली. मग शेवटच्या गाण्यात पेडल दाबलं. दर शनिवारी "छान झालं हं" म्हणणारी मी, तो तुकडा पहिल्यांदा नीट ऐकत होते. तीन ओळी स्वच्छ निघाल्या. चौथीत बोट घसरलं, आणि ते हातातून ताट पडावं तसं सगळ्या हॉलला कळलं. पुढच्या टेबलावरच्या माणसाचा घास हातातच राहिला. ड्रमवाला गाणं पुढे न्यायला निघाला, तर वन्संनी मान हलवून त्याला थांबवलं आणि चौथी ओळ पुन्हा घेतली. उडी न मारता, एकेक सूर चढत.

वायरी गुंडाळताना मास्तर म्हणाला, "दोनदा का वाजवलीत?"

"पहिली चुकली."

"ते कळलं. आचाऱ्यालासुद्धा कळलं."

"म्हणजे ऐकू आली ना?"

मास्तरला हसू आलं, ते त्याने गिळलं. "उडी बसवा. पुढच्या शनिवारी घसरलात तर मी घेणार."

परतताना बस रिकामी होती. वन्सं दाराजवळच्या दांड्याला धरून उभ्या. डाव्या हाताची बोटं दांड्यावर खालून वर उडत होती, चुकत होती, परत खाली येत होती.

"वन्सं, बसा ना."

"थांब गं जरा."