दादा लवकर उडाला

काल मस्कतच्या गोदामात बोट कापलं. त्यावर लावलेल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा वास आला आणि मी घाटकोपरच्या मैदानावर पोचलो; मॅचआधी आम्ही बोटांना तसलीच पट्टी गुंडाळायचो.

नववीतच शाळा सोडलेली; व्हॉलीबॉलची टीम तेवढी माझी होती. शेवटचा पॉइंट. ब्लॉकसाठी, समोरचा फटका जाळीवरच अडवायला, मी दोन पावलं सरकून कॅप्टन मंगेशदादाला खेटून उडायचं होतं. मी पोचलो तेव्हा तो हवेत होता. आमच्यातल्या फटीतून बॉल गेला. हरलो.

"ह्याला बसव ना रे!" मागून एकजण ओरडला.

"गप ए. मीच लवकर उडालो," दादा म्हणाला.

मला ते खरंच वाटलं. उलट त्याचा थोडा रागही आला.

आता तो बॉल आठवला की स्वच्छ दिसतं: दादा वेळेवरच उडाला होता. मीच घाबरून क्षणभर जागेवर थबकलो आणि उशिरा सरकलो होतो. आणि पुढच्या रविवारीही त्याने मलाच शेजारी उभं केलं.