अण्णांकडे उरलेला शब्द

आमच्या घरात शिवी देणं हा चोरीइतकाच मोठा गुन्हा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात शाळेचे मुख्याध्यापक. लहानपणी एकदा माझ्या तोंडून नुसतं "आयला" निघालं, तर त्यांनी एकोणतीसचा पाढा वीस वेळा लिहायला लावला. पुढे चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला लागल्यावर माझा शब्दसंग्रह भरपूर वाढला, पण तो मी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचे.

गेल्या वर्षी अण्णांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. तीन आठवडे तोंडातून अक्षर फुटलं नाही. मग थेरपिस्ट मुलगी चित्रांची कार्डं घेऊन येऊ लागली. तिने गाय दाखवली. अण्णांनी गायीकडे बराच वेळ बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "भाड्या."

आईच्या हातातला चहा हिंदकळला. मला हसू आवरेना. मुलगी मात्र खूश झाली. म्हणाली, शिव्या डोक्यात वेगळ्या कोपऱ्यात राहतात, त्या आधी सुटतात, बाकीचे शब्द मागून येतील. कधी, ते तिलाही सांगता येईना. येतील की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून चहा भाड्या, पेपर भाड्या, पंखाही भाड्या. भेटायला आलेल्या जुन्या शिक्षकांनी "सर, लवकर बरे व्हा" म्हटलं, त्यांनाही तेच उत्तर. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दार लावून घेतलं. कोणी आलं की अण्णा झोपलेत असं सांगायची. अण्णांनाही ते कळत होतं. हळूहळू त्यांनी तो एक शब्दही बंद केला, आणि माझं हसू पार पळालं.

एका रविवारी त्यांच्या गावाहून, जेऊरहून, त्यांचा बालमित्र आला, खांद्यावर केळीचा घड. आईचं "झोपलेत" त्याने ऐकलंच नाही. थेट खाटेवर बसून म्हणाला, "काय रं भाड्या, हितं येऊन लोळायलायस व्हय?"

अण्णा वळले. चेहरा अर्धाच हसला, पण हसला. "भाड्या," ते म्हणाले.

मग तासभर गप्पा झाल्या. मित्र गावातल्या विहिरीचं, लग्नांचं, कुणाकुणाच्या भांडणाचं सांगत होता आणि अण्णा त्या एकाच शब्दात विचारत होते, चिडवत होते, नाही म्हणत होते. इतके दिवस आम्ही सगळे त्यांच्याशी आजाऱ्यासारखं गोड बोलत होतो, याची मला लाज वाटली. निघताना मित्राने आईला हात जोडले. "गावात ह्याला कुनी सर म्हनत न्हाय, वहिनी. तितं त्यो आमचा भाड्याच हाय."

आई केळीचा घड उचलून आत गेली. रागावली असावी, असं मी धरून चालले.

पुढच्या आठवड्यात अण्णा व्यायामाला उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईने दोनदा विनवलं, अहो, उठता का जरा? हालचाल नाही. थोडा वेळ ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आणि मग जिने उभ्या संसारात त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं, ती माझी आई मोठ्याने म्हणाली, "ऊठ की मुडद्या, किती दिवस निजणार?"

म्हटलं आणि लगेच पदर तोंडाला लावला.

अण्णा सावकाश वळले. तिच्याकडे बघतच राहिले. ओठ जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"उठतो की."

दोन महिन्यांतले ते पहिले दोन शहाणे शब्द. मी दारातच रडायला लागले.

"मग उठा ना," आई म्हणाली आणि आधाराला हात पुढे केला.