दाबाचा काटा

वडील लातूरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. सुट्टी संपवून नांदेडला परतताना मी पोतंभर वाळलेली चिपाडं एसटीत घालून आणायची. कंडक्टर विचारायचा, "ताई, जाळायला का?" मी "हाव" म्हणून मोकळी व्हायची. या चिपाडांपासून बदामाच्या वासाचं पिवळसर तेल निघतं, त्याला फरफुराल म्हणतात, आणि त्याच्याशी हायड्रोजनचा संयोग घडवला की रेझीन बनवायला लागणारं रसायन मिळतं, हे गर्दीत कसं सांगणार?

तेल काढण्याचं काम मला आवडायचं. भीती वाटायची ती पुढच्या पायरीची. घरच्या कुकरएवढंच पोलादी भांडं, पण बोल्टांनी आवळलेलं. त्यात तेल आणि तांब्याचा कॅटॅलिस्ट टाकायचा, तीस बार, म्हणजे हवेच्या तीसपट दाबानं हायड्रोजन भरायचा आणि एकशेचाळीस अंशांपर्यंत तापवायचं. पीएचडीला लागलेली मुलगी सिलिंडरची चावी फिरवताना डोळे मिटून घेते, हे मी माझ्या गाइड सरांना कधी सांगितलं नाही. ते फक्त मामांना ठाऊक होतं. मामा आमच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट, निवृत्तीला टेकलेले.

त्या दुपारी सर परीक्षेच्या कामाला गेले होते. भांडं तापायला लावून मी वहीत नोंदी करत बसले. बऱ्याच वेळानं मान वर केली तर पडद्यावर तापमान चौसष्टच होतं. दाबाचा काटा मात्र पन्नाशीच्या पुढं गेलेला. काटा अडकला असेल म्हणून मी काचेवर नख वाजवलं. तो साठावर गेला.

मग दिसलं. तापमान मोजणाऱ्या वायरीचं टोक भांड्याच्या बाजूला हवेत लोंबत होतं. सकाळी साफसफाई करताना मीच ते काढलं होतं आणि परत आत बसवायला विसरले होते. भांडं अजून तापलेलंच नाही असं समजून यंत्र उष्णता देतच सुटलं होतं.

यंत्राचं बटण भांड्याच्या मागं, भिंतीवर. बंद करायचं तर भांड्यावरून हात न्यावा लागणार. मी एक पाऊल टाकलं आणि तिथंच थिजले. काटा सत्तरवर आला तरी मी नुसती बघत राहिले.

एवढ्यात मामा पाण्याचा जार घेऊन आत आले. "काय झालं, बाई?"

मी बोट दाखवलं. त्यांनी जार तिथंच टाकला, माझा अॅप्रन मागून धरला आणि मला ओढतच बाहेर काढलं. "तिकडं हात घालू नका. मेन बाहेर हाय."

बाहेरच्या बोर्डावरचा मेन स्विच त्यांनी पाडला. सगळ्या मजल्यावरचे पंखे बंद पडले.

"आता थंड होईल ना, मामा?"

"लगेच न्हाई होत. पोरं काढा आधी."

शेजारच्या वर्गात प्रॅक्टिकल चालू होतं. आम्ही दोघांनी ओरडून मुलं खाली पिटाळली. शेवटची मुलगी जिन्यात होती तेव्हा मोठा आवाज झाला. भिंत गेली असंच मला वाटलं. मी जिन्यातच बसले, दोन्ही कानांवर हात. हायड्रोजन आत साचला असेल, एक ठिणगी पडली तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

भिंत शाबूत होती. दाब हाताबाहेर गेला की आपोआप फुटणारी एक पातळ चकती भांड्याला असते. ती फुटली होती आणि वायू नळीतून खिडकीबाहेर गेला होता. नळीच्या तोंडातून काळा चीक ठिबकत होता.

सर धावत आले. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "वायर जुनी झाली होती, सर." सरांनी मान हलवली. मी ते खोडून काढलं नाही. आता दुसरीच भीती सुरू झाली. काचेपलीकडं सर दिसले की मी वहीत डोकं घालायची. दोन दिवस तसे काढले आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "मी नवी वायर मागवून मोकळा झालो असतो. आणि तू पुन्हा विसरली असतीस. आठ दिवस घरी जाऊन ये."

घरी वडिलांना म्हटलं, "बाबा, माझ्यानं आता हे होणार नाही. मला भ्या वाटतं."

"मला अजून वाटतं की," ते म्हणाले. "ड्युटीवर चढलो की आधी बॉयलरातलं पाणी दावणारी काच बघतो, मग डबा ठेवतो. ज्याला भ्या वाटत न्हाई त्याच्यासंगं मी पाळी करत न्हाई."

परत आल्यावर मी वायर बसवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मामा दारात उभे राहिले. पाच तास मी काट्यावरची नजर काढली नाही. भांडं थंड झाल्यावर बोल्ट सोडले. आत फिकट पिवळा, स्वच्छ द्रव होता, आणि तपासणीत आम्हाला हवं होतं तेच रसायन निघालं. मी बाकावर बसून रडायला लागले.

"आता रडायला काय झालं, बाई?" असं म्हणत मामा चहा सांगायला गेले.