भरडआत्या

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर ईशाने पिझ्झाबरोबर आलेली लाल मिरचीची पुडी वरणभातावर रिकामी केली आणि "आजी, हा माझा शोध," असं ऐटीत सांगितलं. तो शोध आपल्या घरात केव्हाच लागलेला आहे. कुणी लावला ते तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून लगेच लिहायला बसले.

ती तुमच्या आजोबांची आत्या, राहायची शेवगावला. तिच्या वयाच्या बायकांच्या चंचीत पान-सुपारी असे, तिच्या चंचीत भरडलेली लाल मिरची. लग्नाच्या पंगतीतही चिमूटभर वरणावर टाकी आणि शेजारणीला हळूच विचारी, "देऊ का गं? आचाऱ्याला सांगत न्हाई मी." सगळे तिला भरडआत्याच म्हणत.

मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून मी तिची 'मास्तरीणबाई'. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या पाहून ती म्हणे, "मीठ चाखून कळत न्हाई व्हय तुला?"

पुढे आजोबांचं हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं. मी तक्ता करून फ्रीजवर लावला आणि अगदी त्याबरहुकूम रांधू लागले. आजोबा दोन घास खाऊन ताट सरकवत. महिनाभरात सदरा अंगावर लोंबू लागला. मी समजावलं, रागावले, एकदा ओट्याशी उभी राहून रडलेही. आत्या आमच्या भिंगारच्या घरी त्यांना बघायला आली, तेव्हा ताट तसंच पडलं होतं.

"त्यो कागद खाऊन बघ आधी," फ्रीजवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून ती मला म्हणाली, "मंग कळंल त्याला कसं लागतंय."

आत्यासारखी मिरची घातली तर चालेल का, हे विचारायला मी डॉक्टरांना फोन केला. थोडी मिरची चालेल, मीठ मात्र नको, असं ते म्हणाले. मी उत्साहाने वरणात चमचाभर तिखट घातलं. आजोबांना ठसका लागला आणि ताट परत आलं.

"पीठ केलंस की मिरचीचं!" आत्या म्हणाली. "सगळं सारखंच तिखट. घासागणिक न्यारं लागाया पायजे, तवा जीभ वाट बघती."

तिने सुक्या मिरच्या थेंबभर तेलावर मंद आचेत परतल्या, काळ्या पडायच्या आत उतरवल्या. गार झाल्यावर पाट्यावर वरवंटा नुसता दाबून फिरवला, वाटलं नाही. निम्म्या बिया पाखडून टाकल्या. बिनमिठाच्या पिठल्यावर ती भरड आणि वर लसणाचं कडकडीत तेल.

"बापू, खा. न्हाई आवडलं तर तोंडावर सांग," ती आजोबांना म्हणाली.

आजोबा जेवू लागले. भाकरी संपली. मग ताटाकडेच बघत म्हणाले, "अजून एक आहे का?"

आत्याने पीठ मळायला घेतलं. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

नंतर तिचे दात गेले, भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. तरी दर उन्हाळ्यात आमची भरड करायला येई आणि चिमूट माझ्या तळहातावर ठेवून विचारी, "मला आता चावून कळंना. तू सांग, जमली का?" एकदा मी तिचं मन राखायला "जमली" म्हटलं.

"खोटं बोलू नगं, मास्तरीणबाई. करपट वास येतोय," असं म्हणून तिने सगळी फेकली आणि पुन्हा तवा ठेवला.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून भरड मी करते. पहिल्या खेपेला दोनदा फेकावी लागली. आजोबा अजून बिनमिठाचंच जेवतात. दुपारी दोन भाकऱ्या खातात.